राखलेला दम

काल जळगावच्या बसस्टँडवर कुणीतरी न विचारता मागून माझी व्हीलचेअर ढकलली. मानेवर तंबाखूच्या वासाचा श्वास आला आणि मी एकदम धुळ्याच्या त्या मैदानावर जाऊन पोचले.

अपंगांच्या स्पर्धा होत्या. हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलींची शर्यत. बाकीच्या मुली पहिल्याच फेरीत जीव तोडून सुटल्या. मी मुद्दाम मागे राहिले. दम शेवटच्या फेरीसाठी राखायचा, हे घरूनच ठरवून आले होते. शेवटची फेरी सुरू झाली, तेव्हा पुढच्या मुलींचे हात जड पडायला लागले होते. मी दांड्यावरची पकड घट्ट केली, तेवढ्यात माझी सायकल आपोआप पळायला लागली.

मानेवर तोच तंबाखूचा श्वास. मागे आबा होते, माझे वडील. दोरी ओलांडून धावत आलेले, आणि रडत होते.

"थकी गयी मनी पोर! मी शे ना, तू हात सोड."

"आबा, सोडा! बाद करतील मला!"

पण लोक टाळ्या वाजवत होते, आबांना ऐकूच गेलं नाही. पंचांनी शिट्टी फुंकली आणि मला बाहेर काढलं.

माझे दंड तेव्हा कुठे जेमतेम तापले होते. आबा मात्र मरेपर्यंत गावभर सांगत राहिले, की पोर पार थकली होती, बरं झालं मी तिथे होतो.