सात एकांची संख्या

माणिक सरांबरोबर निर्ण्याच्या फाट्यावर बसची वाट बघणं म्हणजे परीक्षाच. ट्रक गेला की ते त्याचा नंबर तोडायचे. "अठ्ठावन्नशे त्र्याण्णव. एकाहत्तर गुणिले त्र्याऐंशी," असं पुटपुटून आमच्याकडं वळायचे. "कामून गप बसलाव रे? पुढचा तोडा की."

मराठी शाळेत ते आम्हाला गणित शिकवायचे. दर वर्षी नववीच्या फळ्यावर एकदा ओळीनं सात एक लिहायचे. १११११११. "ही मूळ संख्या हाय. हिचे भाग पडतच न्हाईत. पडले असते तर धाकटा भाग १०५४च्या आतच घावला असता. तिथवरच्या समद्या मूळ संख्यांनी भागून बघितलंय मी. एकशे सत्त्याहत्तर भागाकार." मग त्या भागाकारांची जाड वही वर धरायचे. अकरा लाखांच्या वरची संख्या आणि तिला कुठं चीर नाही! माझ्या अंगावर काटा यायचा.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, एका दुपारी सर मन्नाएखेळ्ळीला माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "चुकलं माझं. ती सात एकांची तुटती."

वही फाटायला आली म्हणून ते नव्यानं उतरवून काढत होते, तेव्हा सापडलं म्हणे. आता जुन्या विद्यार्थ्यांची यादी घेऊन गावोगाव सांगत फिरत होते. मला हसूच आलं.

"सर, कुणाच्या ध्यानात हाय आता? कामून उन्हात फिरायलाव?"

"तुझ्या ध्यानात हाय का न्हाई?"

होतीच. मागच्याच महिन्यात मी ती संख्या मूळ म्हणून लेकीला छातीठोकपणे सांगितली होती.

"२३९नं भाग," सर म्हणाले. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी भागाकार मांडला. शेवटी २१५१ उरले. मी आठाचा भाग लावला, बाकी २३९.

"व्हय. मीबी हितंच थांबलो. बाकी भाजकाएवढी! जल्मभर पोरांच्या वह्यांत ह्याच चुकीला लाल रेघ मारली मी."

मी आठाचे नऊ केले. बाकी शून्य. भागाकार ४६४९.

आम्ही दोघंही त्या पुठ्ठ्याकडं बघत राहिलो. २३९ आणि ४६४९. दोन्ही ओबडधोबड, दोन्ही स्वतः न तुटणाऱ्या. त्यांच्या गुणाकारातून सात एक सरळ रांगेत उभे राहतात.

"किती भारी हाय बग," सर हळूच म्हणाले. "मी चुकलो म्हणून ती काय ल्हान झाली न्हाई."

बाकीच्यांना फोन करतो म्हणालो, तर ऐकेनात. "फोनवर नुसतं व्हय सर म्हणतील. भागून बघाय पायजे." यादीतल्या माझ्या नावावर खूण करून ते गाणगापूरची बस धरायला निघाले. तिथं आमच्या वर्गातल्या एकाचं लॉज आहे.

पुढच्या वर्षी सर गेले. यादीतली किती नावं राहिली, कुणास ठाऊक.

सर दुकानात आले त्या दिवशी मात्र मी दुकान लवकर बंद केलं. घरी जाऊन लेकीपुढं पुठ्ठा ठेवला आणि म्हणालो, "चुकलं माझं." ती पुठ्ठ्याकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिली. हे शब्द तिनं माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले होते.