मालकियाच्या समुद्राला वाहिलेला नारळ

बेटावर राहून समुद्र शोधावा लागतो, हे पुण्यात कुणाला पटत नाही. बहारीनचा बराच किनारा भराव घालून बुजवलाय, उरलेल्यावर कुणाच्या तरी बंगल्याची भिंत. मुलगी इथेच वाढली आणि तिची कायमची तक्रार एकच: इथल्या समुद्राला लाटाच नाहीत. ती कॉलेजसाठी पुण्याला गेली, सोबत बायको गेली, आणि हूऱ्यातल्या फ्लॅटमध्ये मी आणि एसी उरलो. डिसेंबरच्या सुट्टीत ती आली की लाटांचा एक तरी किनारा तिला दाखवायचा, असं मी ठरवून टाकलं.

मग दर शुक्रवारी गाडी काढायची. बुसैतीनला नुसता कठडा, पाणी लांब खाली. अस्करला होड्या, डिझेलचा वास आणि निरखून बघणारी मांजरं. एका गावामागे खजुरांच्या आड इवलीशी खाडी सापडली, तर तिथे गुडघाभर पाणी, तेही ढिम्म. खोटं कशाला बोलू, लाटा हा बहाणा होता. सुट्टीच्या दिवशी घर खायला उठायचं.

ऑगस्टमध्ये बायको फोनवर म्हणाली, "एवढे किनारे पालथे घालतोस, तर नारळी पौर्णिमेला एक नारळ तरी वाहा."

आम्ही देशावरचे. आमची नारळी पौर्णिमा म्हणजे नारळीभात. तरी त्या दिवशी पहाटे पश्चिम किनाऱ्यावरच्या मालकिया गावाला गेलो, नारळाला हळद-कुंकू लावलं आणि भरलेल्या पाण्यात सोडला. काय मागायचं ते मागितलं: डिसेंबरमध्ये पोरगी येऊ दे. मग गावात जाऊन तंदूरची गरम रोटी आणि चहा घेतला, उगाच गल्ल्यांतून हिंडलो. परतलो तोवर ओहोटी लागली होती आणि पाण्यातून एक म्हातारा बहारिनी माझ्याकडेच येत होता. इथे उथळ पाण्यात जाळीचं कुंपण उभारतात. भरतीबरोबर आत आलेले मासे ओहोटीला तिथेच अडकतात. भरती-ओहोटी बघून नारळ सोडायचा असतो, हे मला पुणेकराला कुठलं ठाऊक! त्याच्या एका हातात माशांची टोपली होती, दुसऱ्यात माझा नारळ.

"सदीक, सुबह तुम्हारा गिर गया," तो हिंदीत म्हणाला. सदीक म्हणजे दोस्त, इथे कुणालाही म्हणतात.

"गिरा नहीं, समंदर को दिया."

"समंदर नारियल का क्या करेगा? यल्ला, घर ले जाओ, बच्चा लोग खाएगा."

मी शुक्रन म्हणालो आणि नारळ घेतला. दुसरं काय करणार?

गाडीत बसतोय तोच मुलीचा फोन आला. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत. आमचं ते ठरलेलंच. "नॉट धिस डिसेंबर, बाबा," ती म्हणाली. इंटर्नशिप मिळाली होती. मी म्हटलं, वा, उत्तम, काम आधी. माझा आवाज मलाच पोकळ वाटला. तो तिला कळू नये म्हणून घाईघाईने नारळाची गोष्ट सांगून टाकली. ती पोट धरधरून हसली.

"वेट, बाबा. तू मागितलं काय होतंस?"

मी म्हणालो, "प्रमोशन."

"मिळेल रे," ती चक्क मराठीत म्हणाली, "इंशाल्ला."