बाळबोध गोंदण

"मोडीतच गोंदा. झोकदार वळण पायजे," बबन म्हणाला आणि दोन्ही हात माझ्यापुढे टाकले.

लोणावळ्याच्या बाजारात त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं, की समोरचा भाजीवाला नुसता आवाजावरून कळत होता. माझं गोंदायचं मशीन बॅटरीवर गुणगुणत होतं. गिऱ्हाईक धुक्यातून यायचं, हातावर नाव घेऊन धुक्यात जायचं.

बबन कुरवंड्याचा, पलटणीतला शिपाई. रजा संपली होती, लढाईवर निघाला होता. संगतीला पहिलीतली लेक, ठकी.

"गळ्यात नावाचा बिल्ला असतो ना तुमच्या?" मी विचारलं.

"बिल्ला तुटतो, भाऊ. परमुलखात तोंडानं बोलता न्हाई आलं, तर हातानं सांगावं मी कुटला त्ये. न्हाईतर घरच्यांनी कुटवर वाट बघायची?"

"मग मोडी विसर," मी म्हणालो.

त्या वेळी मोडी आणि बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, दोन्ही लिपी चालायच्या. मोडी हात न उचलता भरभर लिहायची, अक्षरात अक्षर गुंतलेलं. कागदावर शोभते. पण कातडीखाली शाई हळूहळू पसरते, आणि गुंतलेल्या अक्षरांचा डाग होतो. बाळबोधात अक्षर सुटं. शब्दातच सगळं आलं की! बाळ म्हणजे मूल, बोध म्हणजे समजणं. लहान मुलालाही कळावं, म्हणून बाळबोध. पुढे कुठल्याही सोप्या लिहिण्याला लोक तसं म्हणू लागले. काही शहाणे तर नाक मुरडून म्हणतात.

"पोरासोरांची अक्षरं शिपायाच्या हातावर?" बबन फुरंगटला.

वाद घालायचा मला कंटाळा. त्याच्या एका हातावर मी बोरूने मोडी काढली, दुसऱ्यावर बाळबोध. वर बबन, खाली कुरवंडे.

"वाच गं, ठके."

मोडी बघून ती खुदकन हसली. "ह्या तर शेवया हायेत!" दुसऱ्या हातावर बोट ठेवून मात्र वाचू लागली, "कु... र... वं... डे. आबा, ह्ये तर आपलं गाव!"

बबनने थुंकी लावून मोडी पुसली. "घ्या गोंदून."

लढाई संपली तरी त्याची खबर नव्हती. कुरवंड्याचं कुणी बाजारात दिसलं, की विचारायचा धीर होत नसे. मग एका धुकाळ सकाळी एक लंगडता माणूस माझ्यासमोर येऊन बसला. बबन! मी त्याचा हातच धरून ठेवला.

जखमी होऊन त्याची शुद्ध हरपली होती. बिल्ला कुठे गेला, पत्ता नाही. इस्पितळातला वॉर्डबॉय गढवालचा. मराठी त्याच्या बापाला ठाऊक नव्हती, पण हिंदी लिहितात ती याच अक्षरांत. वरची ओळ बँडेजखाली झाकलेली, खालची त्याने वाचली. त्याला वाटलं, तेच नाव. रोज उशाशी बसून हाका मारायचा, "कुरवंडे, उठो भाई."

"मला वाटायचं, गावच बोलवतंय," बबन म्हणाला. "लय दाट धुकं, भाऊ. वाट दिसंना. आवाजाच्या मागं मागं चालत आलो, आन् डोळं उघडलं."

मी डोळे पुसले आणि त्याचा हात उजेडाकडे केला. शाई फुगली होती, पण अक्षरं सुटी होती. तेव्हापासून झोकदार वळण मागणाऱ्याला मी आधी विचारतो, वाचणार कोण?

वरची ओळ मात्र जखमेच्या व्रणाखाली गेली होती. "पुन्हा काढून देऊ का नाव?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," तो हसला. "त्याच्यावाचून अडलं न्हाई."