चिखलात रुतलो आणि बदकं उतरली
खाडीच्या चिखलाचा वास आला की मला पनवेलजवळचं एक खाजण आठवतं आणि हसू फुटतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही चार पक्षीवेड्यांनी तिथलं आटलेलं तळं झुडपं उपटून, बांध दुरुस्त करून पुन्हा पाण्याने भरलं होतं; पण जागेच्या मालकाने बजावलं होतं, "या थंडीत पाखरं नाय आली, तर भराव टाकून जागा बिल्डरला देनार." थंडी सरत आली तरी पाखरांचा पत्ता नव्हता, आणि एका सकाळी तो बांधावर येऊन बसला. त्याला पाणी किती छान साठलंय ते दाखवायच्या ऐटीत मी नवेकोरे गमबूट घालून आत शिरलो आणि मधोमध गुडघ्यापर्यंत रुतलो. मदतीसाठी ओरडणार, इतक्यात डोक्यावर शीळ घुमली आणि बदकांचा थवाच्या थवा माझ्याभोवती छपाछप उतरला! "हलू नकोस, गाढवा!" बांधावरून मित्र दबक्या आवाजात किंचाळला. नाकावर डास आणि मी खांबासारखा ताठ! मालक तोंड दाबून, पोट धरधरून हसला. "पाखरं बोलावनारं बुजगावनं पयल्यांदाच बगतोय! जा, नाय टाकत भराव." परवा नातीने विचारलं, "आजोबा, पक्ष्यांसाठी तुम्ही नक्की काय केलंत?" मी छाती फुगवून खरं तेच सांगितलं, "तासभर हललो नाही."