बुंदीची बादली आणि मी

सातवी झाल्यावर मी शाळा सोडली. मी काम केलेला सिनेमा ज्या नामवंत कादंबरीकारांच्या तरुणपणच्या प्रेमावर होता, त्यांचा धडा म्हणे आठवीला असायचा. म्हणजे आमची भेट थोडक्यात हुकली. तरीही त्यांचं काळीज फुटलं त्या प्रसंगी मी जातीनं हजर होतो, हातात बुंदीची बादली घेऊन.

मी मूळचा पाटणकडचा. शेगावात काकूंच्या खानावळीत वाढपी आहे. एका ट्रकवाल्यानं मला इथं उतरवलं तेव्हा काकूंनी आधी ताट वाढलं आणि नाव नंतर विचारलं, एवढंच आमचं नातं. त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही त्यांनी मोठ्यानं हाक मारली की मला वाटतं, संपलं, आता गाठोडं बांधायचं. बहुतेक वेळा त्यांना कोथिंबीर हवी असते.

धामणगाव बढ्याला शूटिंग लागलं आणि त्या सगळ्या मंडळींचं जेवण काकूंकडे आलं. गोष्ट जुन्या काळातली. कादंबरीकार तेव्हा कादंबरीकार नव्हते, नुसतेच बेकार होते. त्यांचं जिच्यावर प्रेम, त्या मुलीचं लग्न दुसऱ्याशी लागतं. हे तिच्याच लग्नाच्या पंगतीत बसतात. वाढपी बुंदी घेऊन येतो, हे नको म्हणून मान हलवतात, वाढपी पुढे जातो. रिकाम्या पानाकडे बघता बघता त्यांना पहिली कादंबरी सुचते. आता वाढप्याच्या कामासाठी शहरातून आणलेल्या नटाला वाकून वाढता येईना. बुंदी पानात कमी, नायकाच्या धोतरावर जास्त. काकूंनी मला पुढे ढकललं.

"ह्याले घ्या. ह्याले दुसरं काही येतच नाही."

मी सगळ्यात आधी आईला फोन केला. तिनं तासाभरात वाडीभर सांगितलं. इतकी वर्षं लोक तिला विचारत, पोरगा काय करतो, आणि ती म्हणायची, "तिकडं असतो." आता तिच्याकडं सांगण्यासारखं काही होतं. त्यामुळं ही बादली हातातून जाऊन चालणार नव्हतं.

मला धोतर नेसवलं, फेटा बांधला. धोतर सुटेल या धास्तीनं मी पोट आवळून चालत होतो. नायकापाशी आलो. त्यानं जड मान हलवली. मी म्हणालो, "घ्या की थोडी."

"कट. दादा, तुम्हाला संवाद नाहीये," दिग्दर्शक म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी तोंड मिटलं, पण हाताला कोण सांगणार? बुंदी पानात पडली. पुन्हा कट. तिसऱ्या वेळी नायकानं पानावर हात आडवा धरला, तर मी डाव भरून उभाच. पाहुण्यानं हात काढेपर्यंत हलायचं नाही, ही काकूंची शिकवण. पहिलं 'नको' लाजेचं, दुसरं शेजाऱ्याला दाखवायला. विचार करायचा तो तिसऱ्या 'नको'वर. नायकाच्या डोळ्यांत ग्लिसरीन होतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र घरचं होतं.

दिग्दर्शकांनी कपाळ चोळलं. "दुसरं कोणी बघा रे."

माझ्यापुढं अख्खी वाडी उभी राहिली. तेवढ्यात काकू भट्टीजवळून आल्या.

"काऊन रे, काय करून राह्यला?"

"काकू, ते उपाशी उठतायत."

"त्याच्या घरी मरण झालं असं समज. दुखवट्याच्या पंगतीत आपण आग्रह करतो काय? मान खाली घालायची अन् पुढे जायचं." मग दिग्दर्शकांकडं वळून म्हणाल्या, "एक डाव करू द्या साहेब. नाही जमलं तं मीच वाढते, धोतर नेसून."

त्या कल्पनेनंच बहुधा दिग्दर्शक तयार झाले. या खेपेला नायकानं मान हलवली, मी मान खाली घातली, आणि पुढं गेलो. कोणी कट म्हणेना. शेवटच्या पानापर्यंत वाढत गेलो तेव्हा कळलं की जमलंय.

सिनेमा लागल्यावर आई वाडीतल्या बाया घेऊन तालुक्याला गेली. पडद्यावर माझा फेटा, हात आणि बादली दिसते. त्यातल्या त्यात बादलीचं काम चांगलं झालंय. दुपारची पंगत उठवून मी जेवायला बसलो होतो तेव्हा आईचा फोन आला. काकू समोरच होत्या, म्हणून स्पीकरवर लावला.

"चालीवरनं वळखलं म्या तुला," आई म्हणाली. "पर आरं, ते पोरगं उपाशी बसलं व्हतं आन् तू तसाच म्होरं गेलास व्हय? बाया बोलल्या मला. म्हनल्या, ह्येच शिकला का तिकडं?"

मी सांगितलं की तो दुःखात असतो, त्यावरच पुढची कादंबरी उभी आहे.

"जेवल्यावर सुचत न्हाई व्हय कादंबरी? आता वाडीत काय सांगू म्या?"

घास हातात तसाच. काकूंनी फोन ओढून घेतला.

"ताई, तुमच्या पोरानं तीन डाव आग्रह केला हो. मी सोता पाह्यलं. सिनेमावाल्यायनं तेवढाच कापला."

"आसं व्हय?" आईचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग सांगते."

काकूंनी फोन माझ्यापुढं ठेवला आणि न विचारता ताटातल्या वरणावर आणखी एक बट्टी फोडली. मी नको म्हणालो. त्या उभ्याच राहिल्या.

वाडीत आता सगळ्यांचं एकमत आहे: सिनेमा बरा आहे, पण त्यातला चांगला भाग कापलाय.