रिव्हर्समध्ये गाठलेलं गाव

सगळ्यात आधी त्या गोऱ्या म्हाताऱ्याचे आभार. नाव विचारायचं राहिलं. पण तो भेटला नसता तर मी आज दोह्यातल्या अल अझीझिया भागातल्या या ड्रायव्हरच्या खोलीत बसून हे लिहीत नसतो, रायगडात घरी बसलो असतो.

मी आठवीत शाळा सोडली. गाडी शिकलो ती दोह्यात, म्हणजे उजव्या बाजूने. मी ज्या कतारी घरचा ड्रायव्हर आहे तिथल्या आजीला सगळे ममा म्हणतात, मीही. उन्हाळ्यात ते कुटुंब मलाही घेऊन लंडनला जातं. यंदा ममाने हट्ट धरला, की जुन्या दगडी घरांचं एक खेडं बघायचंय आणि मीच न्यायचं. तिच्या थोरल्या मुलाला ते पटलं नाही. रस्ते अरुंद, त्यात गाडी डावीकडून. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, काही गडबड झाली तर उद्यापासून इथला ड्रायव्हर, तू खलास. मी इन्शाल्ला म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तो बायकापोरांना घेऊन पुढच्या गाडीतून गेला. मागून मी आणि ममा. मी चुकू नये म्हणून ती प्रत्येक वळणावर ‘यसार, यसार’, म्हणजे डावीकडे, असं बजावत होती. उजवीकडे वळायचं असलं तरी. मग नकाशाने आम्हाला अशा रस्त्यात घातलं, की दोन्हीकडची झुडपं आरशांना घासायला लागली. समोर टेकडीवर चर्चचा टोकदार कळस दिसत होता. तेच गाव.

तेवढ्यात समोरून एक जुनी छोटी गाडी आली, कडेच्या जरा रुंद जागी थांबली आणि तिने डिपर मारला. दोह्यात डिपर मारला म्हणजे ‘मी येतोय, तू हट’. मारणारा कोण ते बघायचंही नसतं. मी लगेच रिव्हर्स टाकला. ती गाडी बिचकत पुढे आली, पुढच्या रुंद जागी कडेला दबली, परत डिपर. माणूस फारच घाईत दिसतोय म्हणून मी आणखी मागे. असं करता करता कळस बारीक होत गेला.

‘बेटा,’ ममा मागून म्हणाली, ‘ते गाव आपल्यापासून पळतंय का?’

शेवटी त्या गाडीतून एक म्हातारा उतरून आमच्याकडे यायला लागला. तो काही बोलायच्या आतच मी सॉरी म्हणून टाकलं. तो वाकला आणि लहान पोराला समजवावं तसं हळू म्हणाला, ‘मी लाइट दाखवतो, म्हणजे तुम्ही या.’

मी म्हणालो, नाही सर, आधी तुम्ही. तो म्हणाला, छे, तुम्हीच. हे बराच वेळ चाललं असतं, पण ममाने तिच्या मोडक्या हिंदीत मला बजावलं, की कोणीही जा, तिला बाथरूमला जायचंय.

म्हाताऱ्याने परत जाऊन गाडी सुरू केली. मागून या, अशी खूण केली, आणि पार गावापर्यंत आपली गाडी रिव्हर्समध्ये नेली, खिडकीतून हात हलवत. मी त्याच्या समोर समोर, वरातीच्या चालीने.

गावात मुलगा उभाच होता. त्याने आधी गाडीवर ओरखडे शोधले, मग उशीर का झाला विचारलं. ममा काठी टेकत उतरली. ‘माझ्या ड्रायव्हरने गाइड केला होता,’ ती म्हणाली, ‘तुझ्याने केलाय का?’ आणि बाथरूम शोधायला गेली.

गडबडीत मी म्हाताऱ्याला थँक्यूऐवजी अरबीत शुक्रन म्हणालो. तो हसला आणि एकदाचा सरळ निघून गेला. दगडी घरं मी नीट बघितलीच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात परत तिथेच जायचं ममाने ठरवलंय, ड्रायव्हर मीच. त्या रस्त्यात तो समोर आला तर आधी मी डिपर मारीन, आणि तो कितीही नको म्हणाला तरी तो जाईपर्यंत हलणार नाही.