मुक्ताताईच्या डोळ्यादेखत

आमच्या थोरल्या जाऊबाईचं, मुक्ताताईचं, काही सांगायला घेतलं की लोक आधीच तोंड पाडतात. कॅन्सर म्हणलं की झालं. मला त्याचाच राग येतो. बाई औरंगपुऱ्यात फॉल-पिकोचं दुकान चालवती, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालती, संध्याकाळी मिरचीची भजी खाती, आन् तुम्ही कशाला सुतकी चेहरे करता?

बारा वर्षांमागं तिच्या मांडीत गाठ आली. शिलाई मशीनचं पायडल मारून आली असंल म्हणून आम्ही तेल चोळलं. दुखत नव्हती, मग कोण मनावर घेतंय? चांगली लिंबाएवढी झाली तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले, सार्कोमा. म्हणजे हाडाचा नाय, मांसातला कॅन्सर, आन् तो पार फुप्फुसात पोचलेला. मांडीचं ऑपरेशन झालं, केमो चालू झाली. मोठ्या भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, किती दिवस म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणले, सांगता येत नाही, पण फार आशा धरू नका.

आमच्याकडं एक रीत हाय. घरातलं माणूस जायला लागलं की त्याच्या डोळ्यादेखत लेकीचं लग्न उरकून टाकायचं. ताईची थोरली, करुणा, तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ताईचा भाऊ अप्पाराव गंगापूरचा. त्यानंच तिकडचं स्थळ आणलं आन् पंधरवड्यात विहारात लग्न लागलं. ताई खुर्चीत बसलेली, डोक्यावरचे केस गेलेले, पदर घट्ट ओढलेला. भंतेजींनी गाथा म्हणल्या, लोकांनी नवरा-नवरीवर फुलं टाकली, आन् बघत होते सगळे ताईकडं. लग्नाचा व्हिडिओ लावला तर अजून हसू येतं. एकेक पाव्हणा नवरीच्या हातात पाकीट देतो आन् आईजवळ जाऊन हमसून रडतो. अर्धे लोक तर आहेरासंगं केळी घेऊन आले होते, आजाऱ्याला भेटायला आणतात तशी.

आन् ताई मेलीच नाय की.

केमोनं गाठी आकसल्या, मग डॉक्टरांनी एका फुप्फुसातल्या उरलेल्या दोन काढल्या. पुढच्या तपासणीत काही नाय. त्याच्या पुढच्यातबी नाय. सहा महिन्याची तारीख वर्षाची झाली. तिला शेवटचं बघायला आलेल्या दोन म्हाताऱ्या मधल्या काळात वारल्या, त्यांच्या घरी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन हीच गेली. मांडीतलं मांस काढल्यामुळं लंगडती, म्हणून मशीनला मोटर बसवली. कशानं वाचली विचारा, जो तो आपलंच घोडं पुढं करतो. अप्पाराव म्हणतो, मी दौलताबादचे अंजीर आणायचो त्यानं. शेजारीण म्हणती, माझ्या गुळवेलीनं. डॉक्टरला विचारलं तर बिचारा खरं बोलला. म्हणला, थोड्याच पेशंटचं असं होतं, आणि नेमकं त्यांचंच का, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. ताई म्हणती, मी एकबी तारीख चुकवली नाय, ते कोणीच धरत नाय.

एक गोष्ट मात्र तिला सलायची. करुणाचं सासर चांगलंय, दोन लेकरं हायेत, जावई भला माणूस. तरी तिचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. ताई मला म्हणायची, "आशा, माझ्या मरणाची सगळ्यांना घाई झाली, आन् भोगलं पोरीनं."

यंदा उन्हाळ्यात ताईच्या धाकट्या लेकीचा, विशाखाचा, नंबर नागपूरला एम.एस्सी.ला लागला. घरात पेढे आले. त्याच आठवड्यात ताईच्या स्कॅनमधी दुसऱ्या फुप्फुसात बारीक ठिपका दिसला. डॉक्टर म्हणले, लहान आहे, काहीही असू शकेल, तीन महिन्यांनी परत बघू. आम्ही घरातल्यांनी ऐकून घेतलं. पण अप्पारावाच्या कानावर गेलं कसं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी गंगापूरच्या जीपमधून उतरला आन् खिशातून पोराचा फोटो काढला.

"आक्का, पोरगं वाळूजला कंपनीत हाय, निर्व्यसनी. तुझ्या डोळ्यादेखत होऊन जाऊ दे. नागपूर काय, लग्नानंतरबी शिकता येतं."

मी चहा ठेवायला उठले होते, तशीच थांबले. भावजी मान खाली घालून बसलेले. त्यांची भीती मला दिसत होती. आन् विशाखा, एवढी तोंडाळ पोरगी, हळूच म्हणली, "आई, तुला बरं वाटणार असेल तर मी तयार हाय. नागपूरचं बघू पुढं."

पोरगी खरंच हो म्हणून बसली असती, आन् कोणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं.

ताईनं तो फोटो हातात घेतला, नीट बघितला. म्हणली, "पोरगं चांगलं दिसतंय." मग भावाला परत दिला. "अप्पा, करुणाच्या वेळंला मला बोलायची ताकद नव्हती. आता हाय. मला लग्नच बघायचंय असं कोणी सांगितलं तुला? मला हिला गाडीत बसताना बघायचंय. तेबी डोळ्यादेखतच झालं की."

"आन् ठिपका मोठा निघाला तर?"

"तर माझ्या छातीत निघंल. तिच्या नागपुरात नाय."

अप्पाराव फुगून बसला. मग भजी खाल्ली, दोनदा मागून घेतली, आन् जाताना विशाखाच्या हातावर पाचशेची नोट ठेवून गेला. वाईट माणूस नाय तो. बहिणीवर जीव हाय, फक्त त्याला एकच तऱ्हा ठाऊक.

पुढच्या स्कॅनच्या आधीच कॉलेज सुरू होणार होतं. विशाखा म्हणली, रिपोर्ट येऊ दे, मग जाते. ताईनं ऐकलं नाय. सकाळच्या गाडीला आम्ही तिघी स्टँडवर गेलो. बॅग वर ठेवली, पोरगी खिडकीशी बसली आन् रडायलाच लागली.

"रिपोर्ट आला की खरं सांगशील ना?"

"खरं सांगीन," ताई म्हणली. "पण ऐकून परत यायचं नाय. पेपर देऊनच यायचं."

"आणि काही झालं तर?"

"तर काकू हाय की तुझी, साऱ्या शहराला ऐकू जाईल असं ओरडून सांगंल."

पोरगी रडता रडता हसली. मी ताईला चिमटा काढला. गाडी निघाली. ताई वळणापर्यंत हात हलवत उभी राहिली, आन् गाडी दिसंनाशी झाली तरी तिथंच.

रिक्षात बसलो. दुकानाकडं निघालो होतो. मधेच तिनं माझा हात गच्च धरला. मांडी कापली तेव्हा, केस गेले तेव्हा, छाती उघडली तेव्हा ही बाई माझ्यासमोर कधी रडली नव्हती. आता ढसाढसा रडायला लागली.

"आशा," ती म्हणली, "मला अजून लई जगायचंय गं."

"मग जग की," मी म्हणलं. "तुला नको कोण म्हणतंय?"